उलटा पीळ

"किती?" मामांनी विचारलं.

मी दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. दोनशे यार्डांवरच्या पुठ्ठ्यात दहावं भोक कुठं पडलं ते शोधत होते, आणि ते सापडत नव्हतं.

"मालन, किती म्हटलं!"

"चार काळ्या वर्तुळात आहेत मामा. एकाला एक चिकटून."

"आणि सहा?"

"एक वर, कडेला. दोन डाव्या अंगाला खाली. दोन पांढऱ्यात. एक…"

"नीट सांग. मी काय लहान पोर हाय?"

"एक दिसंना."

"दिसंना म्हंजे पुठ्ठ्यावरच न्हाई," असं म्हणून त्यांनी रायफल वाळूच्या पिशव्यांवर अलगद टेकवली आणि डोळ्यावर हात धरून बसून राहिले. जानेवारीची सकाळ, माळावर गार वारा, रायफल क्लबचं तिथं कुणी नाही. मला त्या स्टुलावर बसवेना. मी उठले, परत बसले, दुर्बिणीचा स्क्रू उगीच पिळला.

"चार एका भोकात आणि सहा रानोमाळ," ते म्हणाले. "रोज लाथ मारणारी म्हस परवडती पोरी, माणूस जपून बसतो. कधीतरी मारणारी म्हस वाईट. ह्यो डोळा तसला झालाय. कधी दिसतंय, कधी न्हाई."

"मामा, वारा होता."

"वारा चार गोळ्यांना न्हवता व्हय? पूस ती रायफल. रविवारच्या स्पर्धेला मी येणार, पण मारायला न्हाई. समद्यांच्या देखत क्लबला देऊन टाकणार. भिंतीवर लावू देत."

मी गोळ्यांच्या डब्याचं झाकण घाईघाईनं लावलं. कारण त्या डब्यातल्या चाळीस गोळ्यांपैकी सतरा माझ्या होत्या, आणि हे त्या माळावर फक्त मला ठाऊक होतं.

मामा म्हणजे माझे सासरे, ज्ञानदेव साळोखे. फौजेतून आर्मरर हवालदार म्हणून रिटायर झालेले; सव्वीस वर्षं फौजेच्या बंदुका दुरुस्त केल्या. सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्ती, ही आमच्या कोल्हापूरकडची रीत. आणखी एक सांगून ठेवते. आमच्याकडच्या बायका 'मी आले, मी गेले' म्हणत नाहीत. पुरुषांसारखं 'आलो, गेलो' म्हणतात. पुण्याच्या जाऊबाईंनी त्यावरून माझी इतकी थट्टा केली की लिहिताना मी शहाण्यासारखं लिहिते. बोलले मात्र जसं बोलले तसंच लिहिणार.

ही गोष्ट पंच्याण्णव सालची. लग्नाला आठ वर्षं झाली होती. माझे यजमान, हिंदुराव, फौंड्रीत. त्यांना बंदुकीत काडीचा रस नव्हता. वडिलांना ते आबा म्हणत, आणि त्या रायफलीला 'आबांची ती दुसरी बायको'. मामांच्या वडिलांची रायफल ती. वडील संस्थानच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, मिस्त्री होते. जुन्या धाटणीची, निशाणबाजीची, एका वेळी एकच गोळी घ्यायची. हिला दुकानातली गोळी चालत नाही. शिसं वितळवून घरी ओतायची आणि तिच्या अंगाभोवती कागद गुंडाळायचा. नळीला आतून पीळ असतो, म्हणजे वळत जाणाऱ्या खाचा. कागद त्या पिळात बसतो, गोळीला गिरकी मिळते, आणि नळीच्या तोंडाशी कागदाच्या चिंध्या होऊन तो गळून पडतो. शिसं एकटं पुढं जातं. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "म्हणजे लंगोट लावून पाठवायचं आणि दारात काढून घ्यायचं." मामा आठवडाभर अधूनमधून हसत होते.

गोळीचा आकार त्यांनी स्वतः काढलेला. माझ्या पुतण्याची आलेखाची वही घेऊन महिनाभर बसले होते. लांबट, अंगानं गुळगुळीत, नाक बोथट, बुडाला उथळ वाटी. खरी गोम जाडीत. नळीपेक्षा इतकी बारीक पाहिजे की वर कागदाचे दोन वेढे बसले की घट्टही नको आणि सैलही नको. उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं लोखंडी साचा करून दिला आणि मामांनी तो तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा तो बिचारा म्हणाला, "हवालदार, गोळी पाडताय का पोरीचं स्थळ बघताय?"

ओतायचं काम माझ्याकडं कसं आलं, तर मामांच्या डोळ्यानं. आदल्या वर्षी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आत भिंग बसवलं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, भट्टीपुढं बसायचं नाही. मग परसात शेगडीपुढं मी. मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण ओतायला असलंच माणूस लागतं. जुन्या पाइपाचं मऊ शिसं, त्यात चिमूटभर कथील, वर मेणाचा तुकडा टाकून मळी काढायची, आणि मग सुरू: साचा भर, चार आकडे मोज, उघड, घोंगड्यावर टाक, परत भर. जरा थांबलं की साचा थंड पडतो आणि गोळीला सुरकुत्या येतात. जास्त तापला की गोळी पांढुरकी निघते. मी एका बसणीला शंभर ओतायची आणि सोनाराच्या तराजूवर त्यातल्या ऐंशी पास व्हायच्या. पळी डाव्या हातात असायची. मी डावरी. मामा तिकडं बघायचे आणि नजर तराजूकडं वळवायचे.

डाव्या हाताचं आमच्या घरात जरा अवघड होतं. लग्नानंतर पहिल्याच दिवशी मी डाव्या हातानं आमटी वाढायला गेले आणि मामांनी ताटावर हात आडवा धरला. हात तसाच ठेवला. आत्तींनी मागून माझ्या कोपराला चिमटा काढला आणि पळी उजव्या हातात दिली. त्या दिवसापासून आठ वर्षं मी उजव्या हातानं वाढत होते आणि आठ वर्षं सांडत होते.

कागद गुंडाळायचं काम मामा कुणाला देत नसत. मी एकदा मागितलं होतं.

"ओतायला डावा चालतोय," ते म्हणाले. "गुंडाळायला न्हाई. ज्याची गोळी त्यानं गुंडाळायची, उजव्या हातानं, ह्या अंगाकडनं त्या अंगाला. बाबांनी दाखवलंय तसं."

"पण का?"

"का म्हंजे? तसंच."

झालं, विषय संपला. पण भिंग बसवल्यापासून त्यांना लांबचं लख्ख दिसायचं आणि हातातलं दिसायचं नाही. कागदाची टोकं तिरपी कापलेली असतात. दोन वेढे झाले की ती एकमेकांना नुसती भिडली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. भिजलेला कागद, काचेचा तुकडा, चष्मा नाकावर, आणि मामा एका गोळीला पाव तास लावायचे. बोटानं चाचपायचे, जमलेलं नाही कळायचं, तरी ट्रेमध्ये वाळायला ठेवायचे. "उद्या बघू," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी निम्म्या काढून फेकायच्या. जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

मला ते बघवेना. खरं सांगायचं तर नुसती दया नव्हती, खुमखुमीपण होती. दुपारी ते झोपले की मी ट्रेमधल्या बिघडलेल्या गोळ्या काढायची, कागद सोलायची, नवीन पट्टी कापायची आणि माझ्या हातानं, म्हणजे डाव्या हातानं, गुंडाळून परत त्याच जागी ठेवायची. पत्र्याचा नमुना होता पट्टी कापायचा, तो मला उलटा धरावा लागायचा. दोन मिनिटांत एक व्हायची. संध्याकाळी मामा ट्रेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "वाळल्यावर बऱ्या बसतात गं." मी म्हणायची, "तर हो." मला इतका आनंद व्हायचा की मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसायची. अशा सतरा झाल्या.

आणि आता त्या गुरुवारी ही चार आणि सहाची वाट लागली होती. हिशेब सरळ होता: मध्यात गेल्या त्या मामांच्या, भरकटल्या त्या माझ्या. बाबांनी उजवा हात सांगितला होता तो उगीच नाही. मी मारे हौसेनं हात घातला आणि म्हाताऱ्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास उडवला.

सांगावं तर डब्यात हात घातल्याचं कबूल करावं लागणार. न सांगावं तर रविवारी रायफल भिंतीवर. गुरुवारचा दिवसभर मी घरात फिरत होते. धुतलेली भांडी परत धुतली. आत्ती म्हणाल्या, "बूड टेक की गं जरा, मला गरगराया लागलंय." मामांचंही तेच. ओसरीवरून परसात, परसातून ओसरीवर. एकदा मधल्या दारात आम्ही दोघं समोरासमोर आलो, दोघंही थांबलो आणि आपापल्या वाटेनं गेलो. डबा फळीवर होता. मी तो चारदा खाली काढला आणि चारदा वर ठेवला.

शुक्रवारी दुपारी मामांनी हाक मारली. "मालन, तुझं अक्षर बरं हाय. अर्ज लिहायचाय."

गोळ्यांसाठी आणलेला तोच चिवट पातळ कागद त्यांनी पुढं केला. मी बसले. लिहिते मी उजव्या हातानं. शाळेत गुरुजींनी पट्टी मारून शिकवलं.

"लिही. माननीय सेक्रेटरीसाहेब. अर्जदार, ज्ञानदेव यशवंत साळोखे, रिटायर्ड हवालदार. कारणे अर्ज करतो की, माझे नजरेचा भरवसा राहिला नसलेने…"

माझं पेन थांबलं.

"लिहिलंस? नसलेने, माझे वडिलांचे वेळेपासूनची रायफल…"

"मामा, मी लिहीत नाही."

"का?"

"तुमचा डोळा चांगला आहे. सहा गेल्या त्या माझ्या गोळ्या होत्या. मी गुंडाळलेल्या. तुम्ही झोपला की मी ट्रेमधल्या काढून परत गुंडाळत होतो. चार तुमच्या, त्या मधी गेल्या. सहा माझ्या."

एका दमात बोलून टाकलं आणि मान खाली घातली. आता घर डोक्यावर घेतील असं वाटलं. पण मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"गुणाची हाईस," ते म्हणाले. "पण मला गूळ लावू नको. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं न्हाई. लिही पुढं."

घ्या! आयुष्यात एकदा धीर करून खरं बोलले तर ते खोटं ठरलं. मला रडू आलं आणि रागही आला. मी उठले, फळीवरचा डबा काढला आणि त्यांच्यापुढं घोंगड्यावर ओतला. तीस गोळ्या राहिल्या होत्या.

"हे बघा. डोळे मिटून करतो." आणि खरंच डोळे मिटले. एकेक गोळी उचलायची, कागदाच्या सांध्यावरून अंगठा फिरवायचा. मामांच्या हाताचा सांधा एकीकडं कलता, माझ्या हाताचा दुसरीकडं. अंगठ्याला लगेच कळतं. ही तुमची. ही तुमची. ही माझी. दोन ढीग केले आणि डोळे उघडले. "आता तुम्ही बघा."

मामांनी दोन्ही ढिगांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला.

"माझ्या डब्यात हात घातलास?"

"होय."

"डावा?"

"होय."

"आणि मी म्हणत हुतो, वाळल्यावर बऱ्या बसतात! आणि तू तर हो, तर हो करत हुतीस! येडा समजलीस व्हय मला?" आवाज चढला तशा आत्ती पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "हिला सांग, उद्यापासनं माझ्या कशाला हात लावायचा न्हाई. शेगडीला न्हाई, साच्याला न्हाई, कशालाच न्हाई!"

"बरं," मी म्हटलं. "पण उद्या सकाळी माळावर चला. पाच तुमच्या मारा, पाच माझ्या. मग मला माहेरी धाडा."

आत्ती म्हणाल्या, "सुंभ जळला तरी ह्यांचा पीळ जळायचा न्हाई. जावा की. घरात येरझाऱ्या घालून दोघांनी माझा जीव घेतलाय." मामांनी अर्धा अर्ज घडी करून खिशात घातला.

शनिवारी सकाळी गुलाबचाचांना बरोबर घेतलं. गुलाब शिकलगार मामांचे जुने दोस्त, परवानाधारक बंदूक-मिस्त्री. जुनी नळी आतून गंजानं खाल्ली होती म्हणून त्यांनीच आदल्या वर्षी रायफलीला नवी बसवून दिली होती, पण डोळ्याच्या औषधपाण्यात तिच्यातून फारसे बार काढणं झालंच नव्हतं. त्यांना सगळं सांगितलं. ते मिशीत हसले आणि म्हणाले, "चला, सासूसुनेची भांडणं लई बघितली, सासरा-सुनेचं बघू."

नवा पुठ्ठा लावला. मी दुर्बिणीवर. "आधी तुमच्या पाच मामा," मी म्हटलं. मला खात्री होती. पाची मध्ये जातील, डोळा चांगला ठरेल, अर्ज फाटेल, मी शिव्या खाईन, आणि सगळं जागच्या जागी जाईल. शिव्या खायची माझी तयारी होती.

पहिली गेली. मी बघितलं आणि पुन्हा बघितलं. पांढऱ्यात, खाली. दुसरी वरच्या कोपऱ्यात. तिसरी काळ्याच्या कडेला. चौथी डावीकडं. पाचवी सापडलीच नाही.

"किती?"

"मधी आहेत," मी म्हटलं. "पाची."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी दुर्बिणीचा स्क्रू पिळत होते.

"गुलाब, तू बघ."

गुलाबचाचा वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एकपण नाही हवालदार."

मामा नुसते 'हं' म्हणाले. मग माझ्याकडं हात पसरला. "आता तुझ्या दे."

"राहू दे मामा. घरी जाऊ या."

"दे म्हणतो ना."

मी दिल्या. मामांनी एकेक गोळी घातली, श्वास सोडला, मारली. मी बघितलंच नाही. मी माळावर दहा पावलं लांब जाऊन पाठ करून उभी राहिले, चप्पल काढली, घातली, परत काढली. पाचव्या बारानंतर गुलाबचाचांचा आवाज आला, "अरे बापरे."

पाची गोळ्या एका वाटीएवढ्या जागेत. काळ्याच्या बरोबर मध्यात.

म्हणजे चार मधल्या त्या माझ्या होत्या, आणि सहा भरकटलेल्या मामांच्या. मी डोळा वाचवायला निघाले होते. डोळा वाचला, पण बघा काय पुढं आलं. मामा स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडं बघत बसले होते.

"डोळा न्हाई गुलाब," ते म्हणाले. "हात गेला. पन्नास वर्सं हेच केलं, आणि आता हात गेला. परवापर्यंत वाटत हुतं डोळ्याचं खापर डॉक्टरवर तरी फोडता येईल."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कशाला शहाणपणा केला मी! अर्ज लिहून मोकळी झाले असते तर निदान हात तरी त्यांचे त्यांना राहिले असते. मी जवळ गेले आणि टेबलापुढचे कागदाचे कपटे पायानं गोळा करायला लागले. टेबलापुढं नळीच्या तोंडातून पडलेले कपटे असतात ना, ते.

"थांब!" मामा ओरडले. "पाय हलवू नको!"

ते उठले आणि वाकले. "मामा, वाकू नका, डॉक्टरांनी—" मी म्हणेपर्यंत ते गुडघ्यावर बसलेसुद्धा. पूर्वी म्हणे प्रत्येक गोळीनंतर ते असे कपटे वेचून बघायचे. वाकायला बंदी झाली तेव्हापासून वर्षभर त्यांनी खाली बघितलंच नव्हतं. आणि मी, माझा डोळा सदानकदा दोनशे यार्डांवर.

त्यांनी तळहातावर कपटे घेतले. त्यात दोन तऱ्हा होत्या. काही कुरमुऱ्याएवढे, बारीक, स्वच्छ फाटलेले. आणि काही लांबच लांब पट्ट्या, वळकटी होऊन पडलेल्या. एक तर आख्खी नळकांडी तशीच पडली होती.

"ह्यो कागद सुटलाच न्हाई," मामा पुटपुटले. "गोळीला धरून गेला लांबपर्यंत. म्हणून भरकटली." मग मान वर करून विचारलं, "गुलाब, ह्या नळीचा पीळ कुणीकडचा?"

"डावा. सांगितलं होतं की तुम्हाला बसवताना. मिळाली ती डाव्या पिळाची मिळाली. तुम्ही म्हणालात, असू दे, पीळ तो पीळ."

"म्हटलं हुतं खरं. आणि जुनी?"

"जुनी उजव्या पिळाची."

मामांनी माझी एक गोळी घेतली, त्यांची एक घेतली, आणि दोन्ही अंगठ्यांनी एकदमच सांधे चाचपले. गुडघ्यावर बसलेलेच होते. आधी मला वाटलं त्यांना उचकी लागली, मग कळलं हसताहेत, आणि मग हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"जुन्या नळीसाठी बाबांनी दिशा धरली हुती," ते म्हणाले. "पिळाच्या उलटी. म्हंजे दारात आला की कागद सुटावा. मला म्हणाले, असं गुंडाळ. का ते सांगितलं न्हाई, आणि मी गाढवानं कधी इचारलंपण न्हाई. नळी बदलली आणि मी बाबांची दिशा धरून बसलो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू एकदा इचारलं हुतंस. का म्हणून."

"होय. तुम्ही म्हणालात, तसंच."

"तसंच," मामा म्हणाले, आणि गुलाबचाचांच्या खांद्याला धरून उठले.

तिथंच टेबलावर त्यांनी काच मांडली, तांब्यातल्या पाण्यात पट्टी भिजवली आणि उलट्या दिशेनं गुंडाळून बघितलं. पाच वेळा. बोटं ऐकेनात. पन्नास वर्षं एका अंगाला वळलेली बोटं दुसऱ्या अंगाला कशी वळणार? सहाव्या वेळी पट्टी फाटली. त्यांनी ती बाजूला ठेवली, काच उचलली आणि माझ्या डाव्या हाताशी सरकवली.

"उद्याला वीस लागतील," ते म्हणाले. "कागद हाय का?"

"थोडा आहे."

त्यांनी खिशातून अर्ज काढला. कागद चांगला होता. त्यातून सहा पट्ट्या निघाल्या. एकीवर 'भरवसा' एवढाच शब्द होता, तीही मी गुंडाळली.

रविवारी मामा तिसरे आले. त्र्याहत्तराव्या वर्षी, बाविशीतल्या पोरांच्यात. कप अजून शोकेसमध्ये आहे आणि रायफल, मामा गेल्यावर रीतसर कागदपत्रं करून, माझ्या नावावर आहे. पण मला कपाची आठवण नाही येत. आठवतं ते शनिवारचं जेवण.

माळावरून आलो तोवर दीड वाजला होता. आत्तींनी पावट्याची आमटी केली होती, भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. मामा पाटावर बसले. लेंग्याच्या गुडघ्यांना माळाची माती तशीच होती. मी आमटीचं पातेलं घेऊन वाकले, सवयीनं पळी उजव्या हातात, आणि सवयीनं पहिला ओघळ ताटाबाहेर पडला.

"आठ वर्सं सांडतीस," मामा म्हणाले.

"चुकलं."

"ज्या हातानं येतंय त्या हातानं वाढ."

आत्तींची भाकरी हातातच राहिली. "अहो, डाव्या हातानं?"

"का गं, काय हुतंय?" मामा म्हणाले.

आत्ती विचारात पडल्या. "काय हुतंय म्हंजे… तसंच," त्या म्हणाल्या, आणि मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत्तींना काहीच कळलं नाही.

मी पळी डाव्या हातात घेतली. मामांच्या उजव्या हाताकडं माझं लक्ष होतं. तो ताटावर आडवा आला नाही, मांडीवरच राहिला. शेगडीपुढं शंभर शंभर गोळ्या एक थेंब न सांडता ओतलेला माझा हात, आणि माझं लक्ष मामांच्या हाताकडंच राहिलं नि अर्धी पळी आमटी ताटात पडली आणि अर्धी मामांच्या पांढऱ्या लेंग्यावर.

"अगं बाई!" आत्ती ओरडल्या. मी पदर घेऊन पुसायला वाकले.

"असू दे, असू दे," मामांनी भाकरी मोडत म्हटलं. "नवी नळी हाय. पहिल्या चार इकडं-तिकडं जायच्याच. वाढ आणखी."